वजन घेऊन किती हलशील? फ्लॅट स्लॅब आणि भूकंपाची शंभर वर्षांची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी आमच्याकडे प्रपोजल सेमिनार असतो. माझ्या सेमिनारमध्ये मी चौतीस स्लाइड्स दाखवल्या. बीम नसलेला सपाट स्लॅब घ्यायचा, त्याच्या मधोमध कॉलमचा तुकडा, कॉलमच्या डोक्याला जॅक लावून तो पुढे-मागे ढकलायचा आणि स्लॅब-कॉलमचा जोड कधी तुटतो ते बघायचं, असा प्रयोग होता. मी मूळची फिजिक्सची एमएस्सी, त्यामुळे समीकरणांची कमतरता नव्हती. सगळं संपल्यावर समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हलवताना स्लॅबवर वजन किती ठेवणार आहात?"

मी म्हणाले, "वजन नाही मॅडम, फक्त आडवा जोर. वजन ठेवलं की सेटअप फार किचकट होतो."

"मग तुमच्या इमारतीत माणसं राहत नाहीत का?"

सगळे हसले, मीही हसले. पण त्या एका प्रश्नात माझी सहा महिन्यांची ड्रॉइंग्ज रद्द झाली होती, हे मला घरी जाताना कळलं. दुसऱ्या दिवशी गाइड सर एवढंच म्हणाले, "आधी १९८९ पर्यंतचा इतिहास वाच. मग सळया कापायला सांग."

हा लेख त्या वाचनातून आलाय. पीएचडीचा विचार करणाऱ्या, किंवा नुकतंच प्रपोजल लिहायला बसलेल्या मुलामुलींसाठी. विषय सिव्हिलचा आहे, पण सिव्हिल येत नसलं तरी चालेल. मलाही येत नव्हतं.

बीम काढून टाकला तेव्हा

आधी फ्लॅट स्लॅब म्हणजे काय ते बघू. आपल्या नेहमीच्या घरात स्लॅबचं वजन बीमवर जातं आणि बीम ते कॉलमवर नेतो. फ्लॅट स्लॅबमध्ये बीमच नसतो. स्लॅब थेट कॉलमवर टेकतो. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वर बघा, किंवा एखाद्या आयटी पार्कमध्ये फॉल्स सीलिंग काढलेलं असेल तर बघा. सपाट छत आणि कॉलम, मध्ये काही नाही. कधी कॉलमच्या डोक्याशी स्लॅब थोडा जाड केलेला असतो. शटरिंग सोपं, एसीचे डक्ट कुठूनही नेता येतात आणि मजल्याची उंची वाचते. बिल्डरला आणि आर्किटेक्टला, दोघांनाही हे आवडतं.

गोची अशी की स्लॅबच्या सगळ्या वजनाला कॉलममध्ये शिरायला कॉलमभोवतीची छोटीशी कड तेवढी मिळते. कागद ताणून धरा आणि खालून पेन्सिलीचं टोक लावून कागद खाली दाबा. कागद वाकत जातो आणि एका क्षणी पेन्सिल आरपार येते. स्लॅबचंही असंच होतं. कॉलम जागेवर उभा राहतो आणि स्लॅब त्याच्याभोवती शंकूच्या आकारात तुटून खाली सरकतो. याला पंचिंग म्हणतात. आधी भेगा दिसतील, आवाज येईल, पळायला वेळ मिळेल, याची खात्री नसते. हे तुटणं ठिसूळ असतं.

ही पद्धत अमेरिकेत सी. ए. पी. टर्नर या इंजिनिअरने लोकप्रिय केली. १९०६ मध्ये मिनिआपोलिसला त्याने जॉन्सन-बोव्ही बिल्डिंग बांधली. कॉलमचं डोकं छत्रीसारखं रुंद असल्याने तो या पद्धतीला मश्रूम म्हणायचा. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट मेलार्टने १९०८ मध्ये स्वतंत्रपणे चाचण्या केल्या आणि १९१० मध्ये झुरिकला अशाच पद्धतीचं गोदाम बांधलं. टर्नरच्या इमारतीला मंजुरी मिळाली ती भारचाचणीच्या अटीवर. बांधून झाल्यावर वजन ठेवून दाखवा, मगच मान्य. त्याने दाखवलं. पुढच्या काही वर्षांत अशा शेकडो इमारती झाल्या. यातल्या बऱ्याचशा गोदामं आणि कारखाने होते, म्हणजे भरपूर वजनाच्या जागा. त्यामुळे सगळे एकच प्रश्न विचारत होते: हा स्लॅब किती वजन घेतो?

प्रश्न चुकीचा नव्हता. पण पुढची साठ वर्षं तोच मुख्य प्रश्न राहिला.

चाचणी पास, हिशोब नापास

१९१० मध्ये मिनिआपोलिसच्याच डिअर अँड वेबर बिल्डिंगमध्ये एक नवी गोष्ट झाली. स्लॅबवर वजन ठेवून नुसता झोल न मोजता सळया उघड्या करून त्यांचा ताणही मोजला. ताण फार कमी निघाला. मग अशा चाचण्यांची रीघ लागली आणि सगळीकडे तेच उत्तर. टर्नर आणि त्याच्या बाजूचे लोक खूश. त्यांचं म्हणणं होतं की फ्लॅट स्लॅब दोन दिशांनी काम करतो, म्हणून त्याला नेहमीच्या हिशोबापेक्षा खूपच कमी लोखंड लागतं.

१९१४ मध्ये जॉन निकोल्स नावाच्या इंजिनिअरने एक छोटासा पेपर लिहिला. त्यात एकही चाचणी नव्हती. बारावीच्या फिजिक्समधला समतोल होता, बस. स्लॅबचा चौकोन कापा, त्यावरचं वजन आणि कॉलमचे आधार मांडा, आणि बघा की एका दिशेत एकूण किती वाकवणारा मोमेंट येतो. त्याचं उत्तर, थोडं सोपं करून सांगायचं तर, एकूण वजन गुणिले स्पॅन भागिले आठ. आणि हे प्रत्येक दिशेत पूर्ण. अर्धं इकडे, अर्धं तिकडे असं नाही.

हे मला पहिल्यांदा पटलं नव्हतं. पटलं ते लाकडी फळ्यांच्या उदाहरणाने. चार खांबांवर दोन वासे पूर्व-पश्चिम टाका आणि त्यांच्यावर उत्तर-दक्षिण फळ्या अंथरा. सगळं वजन आधी फळ्या उत्तर-दक्षिण नेतात. मग तेच सगळं वजन वासे पूर्व-पश्चिम नेतात. सपाट स्लॅबमध्ये फळ्या आणि वासे दोन्ही त्याच्या पोटातच असतात, पण वजनाला दोन्ही प्रवास पूर्ण करावेच लागतात.

या पेपरवर जी चर्चा छापली गेली ती मूळ पेपरपेक्षा कितीतरी लांब होती आणि टर्नरचा सूर तर अगदीच कडवट होता. मुद्दा एकच: शेकडो इमारती उभ्या आहेत, चाचण्या पास झाल्या आहेत, तुमचा कागदावरचा हिशोब काय घेऊन बसलात?

मग चाचण्या खोटं बोलत होत्या का? नाही. काँक्रीट ताणात अगदीच निकामी नसतं. भेगा कमी असेपर्यंत ते बराच ताण स्वतः उचलतं आणि तेवढा ताण सळयांवर दिसत नाही. शिवाय चाचणीत दोन-चार पॅनलवरच वजन ठेवत आणि शेजारचे रिकामे पॅनल मदतीला येत. मोजमाप बरोबर होतं. त्यातून काढलेला अर्थ चुकला.

तरी अमेरिकन कोडने मधला मार्ग काढला. एक अष्टमांश म्हणजे ०.१२५ ऐवजी ०.०९ घ्यायचं. आकडे घालून बघू. ६ मीटर बाय ६ मीटरचं पॅनल, दर चौरस मीटरला १० किलोन्यूटन वजन. एकूण ३६० किलोन्यूटन. समतोलाच्या हिशोबाने मोमेंट २७० किलोन्यूटन-मीटर, आणि कोडच्या हिशोबाने जेमतेम १९४. (दोन्हीकडे कॉलमच्या रुंदीची दुरुस्ती येते, ती इथे सोडलीय.) म्हणजे २८ टक्के तूट. ही तूट कोडमधून पूर्ण गेली ती १९७१ मध्ये. तोवर इमारती उभ्या राहिल्या, कारण त्या काळच्या डिझाइनमध्ये इतर बाजूंनी सुरक्षिततेची शिल्लक बरीच होती. आज आपल्या आयएस ४५६ मध्ये फ्लॅट स्लॅबसाठी जे एकूण मोमेंटचं सूत्र आहे, त्यातला भागिले आठ हा निकोल्सचाच आठ आहे.

जोडाकडे लक्ष गेलं

पंचिंगचा अभ्यास सुरू झाला तो पायाच्या फुटिंगपासून. इलिनॉय विद्यापीठात आर्थर टॅलबट यांनी फुटिंगवर चाचण्या करून १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. स्लॅबवरचं मोठं काम पन्नाशीनंतरचं. १९५६ मध्ये एल्स्टनर आणि हॉग्नेस्टाड, १९६० मध्ये स्टॉकहोममध्ये किनुनेन आणि नायलँडर, १९६१ मध्ये योहानेस मो. मो यांच्या कामातून एक सोपी रीत रुळली. कॉलमच्या कडेपासून स्लॅबच्या प्रभावी जाडीच्या निम्म्या अंतरावर एक काल्पनिक चौकट आखायची आणि तिच्यावरचा शिअर तपासायचा. आपल्या कोडमध्येही हीच चौकट आहे.

याच सुमारास दुसरा प्रश्न पुढे आला. कॉलममधून स्लॅबला नुसतं वजन मिळत नाही, पिळही मिळतो. वारा असो की भूकंप, इमारत एका बाजूला झुकली की कॉलम स्लॅबला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. मग त्या काल्पनिक चौकटीच्या एका बाजूला शिअर वाढतो, समोरच्या बाजूला कमी होतो. यातला किती मोमेंट स्लॅब वाकून घेतो आणि किती हिस्सा शिअरमधून जातो? मो यांच्या मते साधारण एक तृतीयांश शिअरमधून. १९६८ मध्ये हॅन्सन आणि हॅन्सन यांच्या चाचण्यांवरून चौरस कॉलमसाठी ४० टक्के हा आकडा आला आणि तो अजून वापरात आहे.

म्हणजे भूकंपासाठी लागणारं अर्धं हत्यार तयार होतं. तरीही तपासायची रीत तीच राहिली. आडव्या जोराचं रूपांतर मोमेंटमध्ये करायचं, मोमेंटचं शिअरमध्ये, तो वजनाच्या शिअरमध्ये मिळवायचा आणि ताकदीशी तुलना करायची. भूकंपालाही आपण एक जास्तीचं वजनच समजत होतो.

अँकरेज आणि मेक्सिको

२७ मार्च १९६४ ला अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन चार मिनिटांहून जास्त वेळ हलत होती. अँकरेज शहरात फोर सीझन्स नावाची सहा मजली अपार्टमेंटची इमारत नुकतीच पूर्ण होत आली होती, लोक राहायला आले नव्हते. ती लिफ्ट-स्लॅब पद्धतीची होती. म्हणजे सगळे स्लॅब जमिनीवर एकावर एक टाकायचे आणि मग जॅकने कॉलमवरून वर चढवून जागच्या जागी पक्के करायचे. आडवा जोर घेण्याचं काम जिना-लिफ्टच्या काँक्रीटच्या दोन गाभ्यांकडे होतं. हे गाभे तळाशी तुटले आणि सगळे मजले एकमेकांवर येऊन बसले.

आडव्या जोरासाठी भिंती आहेत, स्लॅब आणि कॉलम फक्त वजनासाठी, अशी कामाची वाटणी कागदावर ठीक दिसते. पण इमारत हलते तेव्हा भिंती एकट्या हलत नाहीत. वजन घेणारे जोडही तेवढेच हलतात. त्यांना ते झेपतं का, हे वाटणी करताना विचारलं गेलं नव्हतं.

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत याची फार मोठी किंमत मोजावी लागली. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याला होतं. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर आहे. त्या चिखलाने धक्के वाढवले आणि साधारण दोन सेकंदांच्या लयीत जमीन झुलवली. फिजिक्सवाल्यांना पुढचं सांगायला नको: रेझोनन्स. मधल्या उंचीच्या, साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सर्वात जास्त फटका बसला. त्यात वॉफल स्लॅबच्या इमारती पुष्कळ होत्या. वॉफल म्हणजे खालून चौकोनी खळगे असलेला, कॉलमभोवती तेवढा भरीव ठेवलेला स्लॅब. बीम नसल्याने या इमारती आधीच लवचिक. भेगा पडल्या की आणखी लवचिक होत, म्हणजे त्यांचीही लय लांबून जमिनीच्या लयीजवळ जाई. हलणं वाढे, आणि जोड तुटत. हजारो माणसं गेली.

त्याच तारखेला, १९ सप्टेंबर २०१७ ला, त्याच शहराला पुन्हा भूकंपाने हलवलं. कोसळलेल्या इमारतींत १९८५ च्या आधीच्या नियमांनी बांधलेल्या खूप होत्या, आणि त्यात फ्लॅट स्लॅबचा वाटा पुन्हा मोठा होता. संशोधनाने उत्तर दिलं म्हणून उभी असलेली इमारत सुधारत नाही, हे त्यातून दिसलं.

शून्य दशांश चार

आता येतो तो १९८९ चा पेपर, ज्याच्यासाठी सरांनी मला माघारी पाठवलं होतं. बर्कलीचे ऑस्टिन पॅन आणि जॅक मोएल यांचा.

त्यांनी स्लॅब-कॉलमच्या जोडांवर चाचण्या केल्या. हलवताना स्लॅबवर वजन ठेवलेलं होतं, काहींवर कमी, काहींवर जास्त. मग आपले आणि आधीच्या संशोधकांचे निकाल त्यांनी एकाच आलेखावर मांडले. आडव्या अक्षावर एक गुणोत्तर: हलण्याआधीच वजनामुळे जोडावर असलेला शिअर भागिले जोडाची पंचिंगची ताकद. उभ्या अक्षावर ड्रिफ्ट, म्हणजे मजला खालच्या मजल्याच्या तुलनेत किती सरकला, भागिले मजल्याची उंची.

ठिपके विखुरलेले आहेत, पण कल डोळ्यांना दिसतो. वजनाचं गुणोत्तर जसं वाढतं, तशी हलण्याची क्षमता झपाट्याने घटते. त्यांचा सल्ला असा होता: जोडाने दीड टक्का ड्रिफ्ट सहन करावा असं वाटत असेल, तर वजनाचा शिअर ताकदीच्या ०.४ पट याच्या वर जाऊ देऊ नका.

कारण समजायला अवघड नाही. प्रत्येक हेलकाव्यात कॉलमभोवतीच्या भेगा उघडतात, मिटतात, त्यांचे खडबडीत काठ घासून गुळगुळीत होतात. जोडाची ताकद उतरत जाते. स्लॅबवरचं वजन मात्र तेवढंच राहतं. उतरणारी ताकद वजनाच्या पातळीला येऊन टेकली की भूकंपाने आणखी ढकलायची गरजच उरत नाही, वजनच काम पूर्ण करतं. वजन आधीच जास्त असेल तर ही वेळ लवकर येते. वजनच न ठेवता केलेल्या माझ्या प्रयोगात ती कधीच आली नसती आणि मी आनंदाने लिहिलं असतं की जोड उत्तम आहे. १९१० च्या भारचाचण्यांसारखंच: मोजमाप बरोबर, अर्थ चूक.

मला त्या पेपरचं मोल अक्षांच्या निवडीत वाटतं. किती वजन घेतोस आणि किती जोर घेतोस, हे जुने दोन प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी तिसरा विचारला: एवढं वजन अंगावर असताना किती हलशील?

हा विचार पुढे अमेरिकन कोडच्या २००५ च्या आवृत्तीत एका सरळ रेषेच्या रूपात आला. ०.०३५ मधून वजनाच्या गुणोत्तराची ०.०५ पट वजा करा. उत्तर ०.००५ पेक्षा कमी आलं तर ०.००५ घ्या. इमारतीचा अपेक्षित ड्रिफ्ट या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर जोडात शिअरसाठी वेगळ्या सळया द्या. गुणोत्तर ०.४ टाकून बघा. ०.०१५ येतं. पॅन आणि मोएलचा दीड टक्का.

आकड्यांनी खेळून बघू. (दोन देशांची सूत्रं मिसळून खरं डिझाइन कधी करू नका, हे फक्त अंदाजासाठी.) आपलं मघाचंच ६ बाय ६ चं पॅनल. कॉलम ५०० मिमी चौरस, स्लॅबची प्रभावी जाडी २०० मिमी, काँक्रीट एम २५. चौकटीची बाजू ७०० मिमी, परीघ २८०० मिमी. आयएस ४५६ प्रमाणे शिअरचा ताण २५ च्या वर्गमुळाच्या पाव पट, म्हणजे १.२५. ताकद ७०० किलोन्यूटन. वजन ३६०. गुणोत्तर साधारण ०.५१. मर्यादा आली ०.००९३. साडेतीन मीटर उंचीच्या मजल्यासाठी हे होतात सुमारे ३३ मिलिमीटर.

आता जाडी ५० मिमीने वाढवा. स्लॅबचं स्वतःचं वजन वाढतं, म्हणजे वजन ४०५. पण ताकद साधारण ९३७ होते. गुणोत्तर ०.४३, मर्यादा ०.०१३४, म्हणजे सुमारे ४७ मिलिमीटर. ५० मिमी काँक्रीटने हलण्याची मोकळीक चौदा मिलिमीटरने वाढली. हा हिशोब मी पहिल्यांदा वहीत केला, तेव्हा मॅडमचा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला.

कॉलम उभे, मजले खाली

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. तिथल्या मॉलमधल्या बुलक्स या दुकानाच्या इमारतीत वॉफल स्लॅब होते. त्या दिवसाच्या फोटोंत कॉलम उभे आहेत आणि मजले त्यांच्याभोवतीने खाली उतरलेले आहेत. पहाट होती म्हणून दुकान बंद होतं. दुपार असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको. यानंतर कोडमध्ये एक गोष्ट ठासून आली: जो भाग फक्त वजनासाठी आहे असं तुम्ही म्हणता, तोही भूकंपात इमारतीबरोबर हलेल असं धरूनच तपासा.

फ्लॅट स्लॅब कोसळायला भूकंपच लागतो असंही नाही. १९९५ मध्ये सोलचं सामपूंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळून ५०२ माणसं गेली. २०२१ मध्ये फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत पडून ९८ गेली. दोन्हीकडे जमीन स्थिर होती आणि दोन्हीकडच्या तपासात स्लॅब-कॉलमच्या जोडाचं नाव आलं.

या सगळ्यातून निघालेला एक उपाय मला फार आवडतो, कारण तो स्वस्त आहे. नेहमीच्या डिझाइनमध्ये कॉलमवर स्लॅबच्या वरच्या बाजूला भरपूर सळया असतात. पंचिंग झाल्यावर या सळया वरचं काँक्रीटचं कवच सोलून बाहेर येतात आणि स्लॅबला धरून ठेवत नाहीत. पण खालच्या थरातल्या दोन-चार सळया कॉलमच्या पोटातून आरपार नेल्या, तर तुटलेला स्लॅब त्यांच्यावर झोळीसारखा लटकतो. तो बिघडला खरा, पण खालच्या मजल्यावर आदळत नाही. कॅनडात मिचेल आणि कुक यांनी १९८४ मध्ये हे नीट मांडलं आणि १९८९ च्या अमेरिकन कोडमध्ये ते आलं. दुसरा उपाय म्हणजे डोकं असलेल्या उभ्या शिअर स्टडच्या रांगा. त्यावर कॅलगरी विद्यापीठात घाली आणि डिल्गर यांनी बरंच काम केलं. अलीकडे, २००८ मध्ये, लोझानच्या ऑरेलिओ मुट्टोनी यांनी स्लॅब जितका फिरतो तितकी भेग उघडते आणि तितकी ताकद कमी होते, असा सिद्धांत मांडला. म्हणजे नुसत्या वजनाच्या पंचिंगमध्येही शेवटी हलण्याचाच प्रश्न आत आला.

आपल्याकडे

२०१६ च्या आयएस १८९३ मध्ये फ्लॅट स्लॅबबद्दल भूमिका कडक आहे. भिंतींनी भूकंपाचा शंभर टक्के जोर घ्यायचा, बाहेरच्या कडेच्या फ्रेमने स्वतंत्रपणे पंचवीस टक्के घेता यायला हवा, पंचिंग होता कामा नये आणि डिझाइनच्या आडव्या जोराखाली छताचा ड्रिफ्ट ०.१ टक्क्याच्या वर जाता कामा नये. इतरत्र हीच मर्यादा ०.४ टक्के असते. म्हणजे आपल्या कोडने जोडाला हलू न देण्याचा रस्ता धरलाय. त्या नकाशात मुंबई आणि पुणे तिसऱ्या झोनमध्ये येतात. प्रश्न उरतो तो त्याआधीच्या इमारतींचा, आणि त्यांच्या जोडांवर आज प्रत्यक्षात किती वजन आहे याचा. ऑफिसात नंतर केलेली पार्टिशन्स, पोडियमवर नंतर टाकलेली बागेची माती, हे सगळं त्या गुणोत्तराच्या वरच्या बाजूला जाऊन बसतं.

माझा पीएचडीचा विषय आता हाच आहे. नव्या सेटअपमध्ये वजनासाठी वेगळा जॅक आहे, जो स्लॅब हलत असताना वजन स्थिर धरून ठेवतो. किचकट आहेच, त्यात चार महिने गेले. पहिला नमुना गेल्या महिन्यात टाकला. लॅबमधले काका क्युरिंगचं पाणी मारता मारता म्हणाले, "एवढा चांगला स्लॅब, आणि तुम्ही तो मोडायला टाकलाय." मी म्हटलं, "काका, मोडताना त्याच्यावर वजन ठेवणार आहे." त्यांना यात काय विशेष ते कळलं नाही. त्यांच्या दृष्टीने स्लॅबवर वजन असणारच.

तुमचं प्रपोजल लिहिताना एक करून बघा. सोपं व्हावं म्हणून तुम्ही प्रयोगातून जे जे काढून टाकलंय, त्याची यादी करा. मग प्रत्येक गोष्टीसमोर लिहा की खऱ्या जगात ती कधी नसते. माझ्या यादीत पहिल्याच ओळीत वजन होतं, आणि समोर लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ही यादी सेमिनारच्या आधी केली असती, तर मॅडमना प्रश्न विचारावा लागला नसता. पण मग मी निकोल्सही वाचला नसता. पहिल्या नमुन्याची चाचणी झाली की निकाल इथेच लिहीन, जसा येईल तसा.